चंद्री उभी राहते

घोडी पहिल्यांदा माझ्याखाली मागच्या पायांवर उभी राहिली, तेव्हा काय झालं ते मला कळलंसुद्धा नाही. कॅनॉलच्या कडेनं सावकाश चाललो होतो. तिच्या दोन कानांच्या मधून रस्ता दिसत होता, तो एकदम खाली गेला आणि तिथं आभाळ आलं. आयाळ माझ्या तोंडात. मग धपकन पुढचे पाय जमिनीवर, आणि घोडी गप्प उभी. कान मागे, माझ्याकडे वळवलेले. मी उतरले, तिला हातानं धरून घरी आणली आणि कुणाला एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक शोधलं असतं.

ओतूरच्या अलीकडे आमची वस्ती. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस. कॉलेजात असताना पुण्यात मी दोन वर्षं घोड्यावर बसायला शिकले होते. नंतर लग्न, मुलगा, शेती यांत ते राहून गेलं. चाळिशी उलटल्यावर हौस परत वर आली. नवरा म्हणाला, स्कूटी घे. मी सारंगखेड्याला गेले.

सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी. दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, कुठून कुठून व्यापारी येतात. थंडीत पहाटे नदीवरून धुकं येतं आणि धुक्यात आधी फुरफुरणं ऐकू येतं, मग घोडे दिसतात. तिथली भाषाच वेगळी. उंची इंचांत सांगतात, साठ इंची, बासष्ट इंची. रंग म्हणजे नुकरा, अबलख, कुमैत, मुश्की. चारही पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याणी. आणि भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची गोल वळणं. कपाळावरचा, मानेवरचा, छातीवरचा. भोवऱ्यांवर माणसं अशी भांडतात की पत्रिका जुळवणारे भटजी बरे.

मला यातलं काही नको होतं. रानातून फिरवेल अशी शांत घोडी हवी होती. एका राजस्थानी व्यापाऱ्याकडे कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, मारवाडी घोडी दिसली. कपाळावर चांद, वय सहाच्या आसपास, माणसाळलेली. मी तिच्या चारही पायांना हात लावला, तिनं लावू दिला. त्यानं तिला चालवून दाखवली, रेवाल चाल दाखवली. पाण्याचा तांब्या हातात धरून बसावं अशी चाल. "कलाकार घोडी है, बाईसा," तो म्हणाला. बाजारात प्रत्येकाचं जनावर कलाकारच असतं, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. रुमालाखाली बोटं दाबायला दिराला पुढं केलं. बोलणं लाखावर आलं आणि शेवटच्या दहा हजारांवर अडलं. व्यापारी हटेना. "ये उसकी कला का पैसा है." दीर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, देऊन टाका. तो तिला हिरोईन म्हणायचा. आम्ही घरी आणल्यावर चंद्री ठेवलं.

पहिला दीड महिना सुखाचा गेला. नंतर कॅनॉलवरचा तो प्रकार झाला, त्यानंतर आठवड्याभरात पुन्हा, मग पुन्हा. दुसऱ्यांदा उसाच्या कडेला उभी राहिली म्हणून सगळ्यांचं एकमत झालं की तिला बिबट्याचा वास आला. जुन्नर तालुक्यात हे कारण कशालाही चालतं आणि निम्म्या वेळा खरंही असतं. पण तिसऱ्यांदा ती मोकळ्या कांद्याच्या वाफ्यांशेजारी उभी राहिली. तिथं बिबट्या लपायचा तर कांद्याएवढा व्हायला हवा.

मी वही घातली. तारीख, वेळ, जागा, वारा कुठून, ट्रॅक्टर होता का, कुत्रं होतं का, कोणता चारा खाल्ला. गेटपाशी, ओढ्यावर, पुलावर. मुलानं माझ्या वहीचा तक्ता काँप्युटरवर घातला आणि सांगितलं की, मम्मी, यातून काहीच निघत नाही. निघणार कसं? मी जगातलं सगळं लिहीत होते. माझा हात त्या क्षणी काय करत होता, हे एकदाही लिहिलं नव्हतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, उभी राहिली की दोन कानांमध्ये पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी फोडायची, डोकं फुटलं असं वाटून पुन्हा उठत नाही. कुणी नारळ सुचवला. उतारा झाला, तो सासूबाईंनी मला न विचारता केला. छातीवरचा भोवरा खोटा आहे असं तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं आणि तिघांनी तो वेगवेगळ्या जागी दाखवला. एक जण काटेरी लगाम घेऊन आला, आतल्या बाजूला दाते काढलेलं लोखंड. "हे घाला वहिनी, मुंगीसारखी चालेल." लोकांना माहीत नसतं, पण भारवाहू जनावरांबाबत 1965 साली केंद्राचे जे नियम झाले, त्यांत अशा काटेरी लगामाला साफ मनाई आहे. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, बाजारात तर उघड्यावर मिळतो. तेही खरंच.

पडले ते धुळवडीला. घरी मटण शिजत होतं, म्हटलं तासभर फिरून येऊ. गेटपाशी चंद्री थांबली. मी लगाम आखडली, जिभेनं टकटक केलं, टाचा मारल्या. ती जागची हलेना. मी आणखी आखडली, आणखी टाचा मारल्या. ती उठली, आणि या वेळी नेहमीपेक्षा वर. तोल जातोय असं वाटल्यावर माणूस हातात असेल ते धरतो, आणि माझ्या हातात लगाम होती. मी लगामीला लोंबकळले. तिची मान मागं आली. पाठ होती तिथं भिंत झाली, आणि ती भिंत माझ्यावर यायला लागली.

रिकिबीतून पाय कसे काढले आठवत नाही. डावीकडे अंग टाकलं. चंद्री मागच्या ढोपरांवर बसली आणि उजव्या कुशीवर कोसळली. खोगीर जमिनीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर. खोगिराची ती पुढची कमान माझ्या पोटावर आली असती. दोघी उठलो. तिला खरचटलं होतं. माझ्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं आणि हेल्मेटला कानाच्या वर बोटभर चीर गेली. ते हेल्मेट मी टाकलेलं नाही, शेडमध्ये खिळ्याला टांगलंय. पाहुणी पोरं घोडीवर बसवा म्हणून मागं लागली की आधी ते दाखवते.

सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे सहा आठवडे घोडीवर बसायचं नाही, आणि हीच खरी तर तिला आणि मला मिळालेली सवड. बसता येत नव्हतं म्हणून बघायला लागले.

आधी जनावरांचे डॉक्टर आणले. नेहमीचे गाईंवाले डॉक्टर प्रामाणिक निघाले. म्हणाले, घोड्याच्या तोंडात मी हात घालणार नाही, घोड्यांचंच काम करणारा माणूस बोलवा. तो माणूस पुण्याहून आला. चंद्रीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा ठेवायची लोखंडी चौकट चढवली आणि बॅटरी लावून मला म्हणाला, हात घाला. घाबरत घातला. वरच्या दाढांची गालाकडची कड बोटाला ब्लेडसारखी लागली. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि चघळून झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळं वरच्या दाढा बाहेरून आणि खालच्या आतून टोकदार होतात. चंद्रीच्या गालाला आतून जखम होती. डाव्या बाजूला दाढांच्या पुढं वाटाण्याएवढा एक जास्तीचा दात होता, नेमका कडियाळं, म्हणजे लगामीचं तोंडातलं लोखंड, जिथं बसतं तिथं. तो काढला. कानशीनं दाढा घासल्या, त्या आवाजानं माझेच दात आंबले. आणि मग त्यानं तिच्या ओठांचे कोपरे उलगडून दाखवले. दोन्हीकडे जुने, पांढरे पडलेले वळ. "हे तुमच्या लगामीचे नाहीत," तो म्हणाला. "हे वर्षानुवर्षांचं काम आहे. हिला आधी काय घालत होते?" मला काय माहीत.

खोगिराची भानगडही त्यानंच काढली. मी जुनं खोगीर स्वस्तात घेतलं होतं. तो म्हणाला, दोरावर वीस मिनिटं पळवा आणि घाम आल्यावर खोगीर काढून पाठ बघा. पाठ सगळी ओली आणि खांद्यामागं दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे ठिपके. जिथं दाब जास्त पडतो तिथं घाम फुटत नाही. बोटांनी त्या जागी दाबलं तर तिनं पाठ खाली सोडली आणि शेपूट झटकली. खोगीर उलटं करून शिवण उसवली तर आत लोकरीचे गोळे, दगडासारखे. खोगीरभरती हा शब्द मी शाळेपासून निबंधांसाठी वापरत आले होते. ती कशी असते ते त्या दिवशी बघितलं. ते खोगीर गेलं. दुसरं आणलं.

खुराकातही माझी चूक होती. हौसेनं सकाळ-संध्याकाळ भिजवलेला हरभरा आणि गूळ, आणि मधे सगळा दिवस दावण रिकामी. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, खाणं असो नसो. हरभरा कमी केला, घास आणि कडबा दिवसभर समोर राहील असं केलं.

मला वाटलं, झालं. कारण सापडलं. दात दुखत होता, पाठ दुखत होती, म्हणून उभी राहत होती. महिन्याभरानं जखमा भरल्यावर बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढं घोडी पळवणारा आमच्या वाडीतला एक पोरगा तिच्यावर बसवला. सतरा वर्षांचा, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बिनखोगिराची घोडी चौखूर सोडणारा. नवं खोगीर, नवी गुळगुळीत लगाम. दहा पावलं चालली. त्यानं लगाम उचलली, टाच मारली. चंद्री उभी.

मग दफेदार आले. माझ्या मावसभावाच्या ओळखीतले, साताऱ्याकडचे, सत्तरीला आलेले. आयुष्य 61 कॅव्हलरीत गेलेलं. संस्थानांची घोडदळं एकत्र करून 1953 साली उभी राहिलेली ही रेजिमेंट, जयपूरला असते, आणि तिच्यात रजपूत आणि कायमखानी यांच्या जोडीनं मराठेही असतात. त्यामुळं दफेदारांचं बोलणं सातारी आणि त्यात मधे मधे जयपूरचे शब्द. घोडी उभी राहते याला ते 'अलिफ होणं' म्हणतात. उर्दूतलं पहिलं अक्षर, सरळ उभी रेघ. "अलिफ झालेला घोडा दिसायला लई देखणा," म्हणाले, "पण खालून बघायचा."

मी त्यांना विचारलं, जेरबंद लावू का? तंगापासून, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्यापासून, पुढच्या पायांमधून वर तोंडाच्या पट्ट्यापर्यंत जाणारा पट्टा, म्हणजे घोडा मान वर टाकू शकत नाही. आमच्याकडच्या पेपरांत रोज एखादा बिबट्या जेरबंद होत असतो, पण मूळ जेरबंद घोड्याचा. दफेदारांनी मान हलवली. डोकं वर टाकणाऱ्या घोड्याला ठीक. उठणाऱ्याला लावला तर तो उठतोच, आणि उठल्यावर तोल सावरायला लागणारी मानच बांधलेली. मग उलटाच पडतो.

ते दोन दिवस राहिले, तिला चालताना बघत बसले, फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की ही घाबरून उठत नाही. घाबरलेला घोडा आधी डोळा पांढरा करतो, अंग चोरतो. ही दमानं उठते, दमानं उतरते. "हिला कुणीतरी सांगतंय." ते गेले. मला ते वाक्य बाहेरच्या बाधेचं वाटलं, आणि सासूबाईंना तर खात्रीच झाली.

एप्रिल संपत आला होता, लग्नसराई. शेजारच्या वस्तीवर हळद होती आणि बेंजो लागला होता. रात्री नऊला मी शेडकडे गेले तर चंद्री कुंपणाच्या आत मोकळी उभी. डोक्याला फक्त मोरखी, बांधायची साधी दोरी, तोंडात लोखंड नाही. कान बेंजोकडे. मी दिवा लावणार तेवढ्यात तिचा उजवा पाय वर आला. गुडघ्यातून दुमडून, छातीपर्यंत. खाली. मग डावा. खाली. उजवा. डावा. ताल धरून. मातीत तिच्या खुरांचे दोन खड्डे पडत होते. बेंजोवाल्यानं चाल वाढवली तशी तिनंही वाढवली, मान कमानीसारखी, शेपूट वर. आणि ढोलकी थांबली तशी ती मागच्या पायांवर सरळ उभी राहिली. तीन-चार सेकंद. उतरली, आणि अंधारात कुणाची तरी वाट बघत उभी राहिली.

वरातीतली घोडी. नवरदेवाला पाठीवर घेऊन नाचणारी, आणि शेवटी उभी राहून सलामी देणारी. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तशी अक्कल मला चार महिन्यांनी आणि एका मोडलेल्या मनगटानंतर आली.

मुलानं फोनवर व्हिडिओ घेतला होता, तो दफेदारांना पाठवला. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं हजर. आल्या आल्या चहासुद्धा न घेता चंद्रीपुढं उभे राहिले, मोरखीचा दोर उजव्या हातात, तो हात वर उचलला आणि जिभेनं टकटक केलं. चंद्री उभी राहिली. अगदी सावकाश. उतरली आणि वरचा ओठ लांब करून त्यांच्या तळहाताला लावला. गूळ शोधत होती.

"बघा ताई," दफेदार म्हणाले. "लगाम वर, टाच आत, जिभेनं टकटक. तुम्ही तिला सांगत होता उठ. ती उठत होती. तुम्ही आणखी जोरात सांगितलं, ती आणखी वर उठली."

मला हसू आलं. मग त्या ओठांच्या कोपऱ्यातल्या वळांची आठवण आली. लगाम वर खेचली की काटे टोचणार, उठलं की दोर सैल पडणार. अशा रीतीनं शिकली असणार. माझ्या लगामीला काटे नव्हते, पण तिच्या तोंडाला ते आठवत होते, आणि वाटाण्याएवढा तो दात आठवण करून द्यायला होताच.

पुढचे दोन महिने आम्ही तिची भाषा बदलण्यात घालवले. पहिला हुकूम घरच्यांना. वस्तीवर कुणीही जिभेनं टकटक करायचं नाही. घोडीला नाही, बैलांना नाही, कोंबड्यांनासुद्धा नाही. सासूबाईंची सवय मोडायला सर्वांत जास्त दिवस लागले. पुढं जायला नवा शब्द ठरवला, "हां, चला." अहोजाहो दफेदारांचं. ते प्रत्येक घोड्याशी तसंच बोलतात.

दुसरं म्हणजे कडियाळं महिनाभर तोंडात घातलंच नाही. मोरखीला दोन्ही बाजूंनी दोर लावून काम केलं. सकाळी ऊन चढायच्या आत चंद्रीला काव्यावर घ्यायचं, म्हणजे लांब दोरावर गोल फिरवायचं. हा जुना घोडदळातला शब्दही मला दफेदारांकडूनच कळला. माझी टाच जिथं लागते तिथं, तंगाच्या जरा मागं, दफेदार छडीचं टोक नुसतं टेकवायचे आणि म्हणायचे, हां, चला. पाऊल पुढं पडलं की छडी त्याच क्षणी बाजूला. तो क्षण महत्त्वाचा. मी करायला गेले की छडी अर्धा सेकंद उशिरा निघायची आणि चंद्री गोंधळायची. तो अर्धा सेकंद कमी करायला मला पंधरा दिवस लागले.

तिसरं काम मागच्या पायांचं. उठायच्या आधी घोडा थांबतो. चालता चालता त्याला उठता येत नाही. थांबून मागचे दोन्ही पाय सारखे रोवावे लागतात, भार त्यांच्यावर घ्यावा लागतो. तेच मोडायचं. तिच्या कुशीजवळ उभं राहून एकाच बाजूचा दोर हलकेच आपल्याकडे घ्यायचा. मान वळली की मागचा आतला पाय बाहेरच्या पायापुढून आडवा पडतो. कैची झालेल्या पायांवर कुणाला उभं राहता येईल? दोन्ही दोर एकदम कधी ओढायचे नाहीत, आणि हात कंबरेच्या वर न्यायचा नाही.

आणि ती उठली तर? काही नाही. ओरडायचं नाही, मारायचं नाही, गूळ नाही. दोर सैल सोडून बाजूला उभं राहायचं. चारही पाय जमिनीवर आले की "हां, चला." हे बोलायला सोपं. पहिल्या आठवड्यात तिनं उठणं वाढवलं. वहीत आहे, एका सकाळी नऊ वेळा. उठायची, उतरायची, ओठ लांब करायची. आम्ही गप्प. पुन्हा उठायची, आधीपेक्षा छान. पाहुण्यांपुढं पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या आणि कुणीच टाळी न वाजवणाऱ्या पोरासारखं तिचं तोंड व्हायचं. मला दोनदा गूळ द्यावासा वाटला. एकदा दिलाही, गुपचूप. दुसऱ्या दिवशी अकरा वेळा उठली. दफेदारांनी विचारलं नाही, त्यांना कळलं होतं.

जूनच्या पहिल्या पावसानंतर, जमीन मऊ झाल्यावर, पुन्हा त्या पोराला बसवला. टाचा वापरायच्या नाहीत, लगाम धरायची नाही, आयाळ धरून नुसतं बसायचं, असं सांगितल्यावर त्याचा अपमान झाला. पण बसला. पंधरा दिवसांनी मी.

मला उठली ती फक्त एकदा, कॅनॉलच्या पुलावर. समोरून टेम्पो आला, मी विसरले आणि दोन्ही लगामी आखडल्या. पुढचं अंग हलकं झाल्याचं मांडीला कळलं. या वेळी हात पुढं सोडले, अंग पुढं टाकलं, तिच्या मानेला मिठी मारली, गाल आयाळीत. लगाम लोंबत होती. ती अर्ध्यावर गेली आणि उतरली. खूर टेकले त्या क्षणी उजवी लगाम बाजूला घेतली, मागचे पाय कैची, आणि "हां, चला." चालली. टेम्पोवाला थांबून बघत होता. म्हणाला, "वहिनी, पिक्चरमध्ये कामं करता का?"

इथं एक सांगायला हवं. हे सगळं जमलं कारण दफेदार मिळाले. आणि पूर्ण जमलं असंही नाही, अजूनही गेटपाशी मी थांबत नाही. कुणीतरी आधीच गेट उघडून ठेवतं, आणि हळदीचा डीजे लागलेल्या रस्त्यावर मी चंद्रीला नेत नाही. उलटा पडणारा घोडा माणूस मारतो. घरात लहान पोरं असताना कुणी असा घोडा काढून टाकला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त विकताना पुढच्याला सांगा, एवढंच. नाही तर ते जनावर बाजारामागून बाजार फिरत राहतं आणि दर वेळी लगाम आणखी कडक होत जाते.

ऑक्टोबरपर्यंत आम्ही दुडकीनं ओतूरपर्यंत जाऊन यायला लागलो. दिवाळीत चुलतदिराचा निरोप आला, मुलाच्या वरातीला घोडी मिळेल का, व्हिडिओ बघितला, फार छान नाचते. मी नाही म्हटलं. ते अजून रागावलेले आहेत.

दत्तजयंतीला पुन्हा सारंगखेड्याला गेले, खोगिराखालची घोंगडी आणि दोर घ्यायला. मनात होतं तो व्यापारी भेटला तर चार शब्द सुनवायचे. काय बोलायचं ते गाडीत नाशिक ते धुळे पाठ केलं होतं. तो त्याच जागी होता, शेकोटीपाशी. मला बघून उठला, हात जोडले, चहा मागवला. माझं तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं.

"बाईसा, हमारी हिरोईन कैसी है? नाचती है ना?"

मी म्हटलं, नाचते म्हणजे? तुम्ही सांगायचं नाही का?

तो माझ्याकडे बघतच राहिला. खरोखर दुखावल्यासारखा. मग दिराकडे वळला, कारण पैसे त्यानं मोजले होते.

"बताया तो था. दस हज़ार और किस बात के लिए थे?"